साडेपाच तास मागचं घड्याळ

श्रीधर वाणीच्या मनगटावरच्या घड्याळात आमच्या गावची वेळ कधी नव्हती. ते साडेपाच तास मागं असायचं. बंद पडलेलं नव्हतं, सेल नवा होता, काटे नीट फिरत होते. त्यानं ते मुद्दाम तसं लावलं होतं. आणि तरी आमच्या शनवारा मोहल्ल्यात कुणी त्याला किती वाजले विचारलं, तर त्या चुकीच्या घड्याळाकडे बघून तो बरोबर वेळ सांगायचा. मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं आहे, एकदा नाही, पुष्कळदा. दरवेळी माझंच पुढं निघायचं. मी ते मागं केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मी चौथी शिकलेला माणूस. केळी पिकवायची वखार चालवली, सगळा जन्म त्यात गेला. केळं हातात घेतलं की ते उद्या पिवळं होणार की परवा, हे मी सांगतो, आणि ते तसंच होतं. मला कुणी येडं बनवावं असा मी नाही. पण श्रीधर माझ्या वरच्या खोलीत राहिला तेवढी वर्षं मी ज्या गोंधळात पडलो, त्यातून अजून बाहेर आलेलो नाही. म्हणून हे लिहायला बसलो. लिहून समजलं तर समजलं.

तो खोली बघायला आला तेव्हाचीच गोष्ट. चाळिशीचा, सडपातळ, लग्न न केलेला. गाव रावेर, आई तिथंच. पुण्याच्या कंपनीचं काम कॉम्प्युटरवर घरून करायचं, पण रावेरला त्याच्या गल्लीत नेट चालत नव्हतं आणि आईला सोडून पुण्यात राहायचं नव्हतं. म्हणून बुरहानपूर, दर रविवारी बसनं रावेर. मला माणूस बरा वाटला. म्हणालो, "उद्या चार वाजता या, चावी देतो."

"कुठले चार?" तो म्हणाला.

"दुपारचे. पहाटे चारला कोण चावी देतो?"

"तसं नाही, कुठल्या गावचे?" मग स्वतःच कपाळाला हात लावला. "सॉरी नाना, सवय झाली आहे."

मी बायकोला म्हणालो, हा माणूस टिकायचा नाही. ती म्हणाली, "भांडखोर तर नाही ना? मग राहू द्या." तिनं ठरवलं की आमच्या घरात ठरलं.

"कुठले?" आणि "कुणाचं?" हे त्याचे दोन शब्द. दूधवाला म्हणाला, "आज पैसे द्या", तर तो बोलून जायचा, "कुणाचं आज?" दूधवाल्याला वाटलं चकवतो आहे. दुपारी जेवायच्या वेळेला ओट्यावर उभा राहून तो फोनवर "गुड मॉर्निंग" म्हणायचा. समोरच्या तिवारीची सून पडद्याआडून बघून हसायची. तिवारी मला विचारायचा, "भाईसाब, आपका किरायेदार ठीक है ना?" मी सांगायचो, ठीक है. माझा भाडेकरू आहे म्हटल्यावर मी दुसरं काय सांगणार?

ती वर्षं इंटिग्रेशनची होती. हा शब्द मला त्याच्यामुळे पाठ झाला. कधीही विचारा, श्रीधर, काय चाललंय? "इंटिग्रेशन चाललंय, नाना." आमच्या वखारीत एक खोली लावली की चार दिवसांत माल पिकून बाहेर पडतो. याचं इंटिग्रेशन दोन पावसाळे झाले तरी पिकेना.

एकदा संध्याकाळी मी त्याला ओट्यावर धरूनच बसवला. म्हटलं, आज सांग, तू करतोस काय. बायको मेथी निवडत होती, तीही कान देऊन होती.

"दोन कंपन्या होत्या," तो म्हणाला. "एक पुण्याची, एक हॉलंडची. दोघींचं एकच काम. फळांचे डबे बोटीतून जातात ना, बर्फासारखे थंड, त्या डब्यांत किती थंडी ठेवायची ते सांगणारा प्रोग्रॅम. आता दोघी एक झाल्या."

"लग्न लागलं म्हण."

"लग्नच. आता दोघींचा इतिहास एक करायचा आहे."

"प्रोग्रॅमचा कसला इतिहास?"

"कुणी कोणती ओळ बदलली, कधी बदलली, का बदलली. सगळं राहतं. ओळ पुसली तरी कुणी पुसली ते राहतं."

"माझी सासू अशीच होती," बायको मेथीतून मान वर न करता म्हणाली.

तो खूप हसला. मग सांगू लागला की दोन्हीकडच्या नोंदी एका माळेत ओवायच्या, जी आधी घडली ती आधी. ऐकायला सोपं. पण पुण्याची माणसं वेळ लिहितात ती पुण्याची, हॉलंडची लिहितात ती हॉलंडची, आणि कुठली ते कुणीच लिहीत नाही. त्यात हॉलंडचे लोक वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. उन्हाळ्यात एक तास पुढं, थंडीत एक तास मागं.

"कुणाच्या हुकमानं?" मी विचारलं.

"सरकारच्या."

"आणि सूर्याला कोण कळवतं?"

"सूर्याचा संबंध नाही, नाना. आणि मागं सरकवतात त्या रात्री एक तास दोनदा येतो. दोन ते तीन झालं की परत दोन ते तीन."

बायकोचा हात थांबला. "मग त्या तासात जन्मलेल्या पोराची पत्रिका कशी करतात?"

श्रीधरनं तिला हात जोडले. म्हणाला, "काकू, माझी सगळी पंचाईत हीच आहे."

म्हणून तो हातात ते घड्याळ घालायचा. म्हणे जगात एक वेळ अशी आहे, आपल्याहून साडेपाच तास मागची, की जी सरकत नाही. सगळ्यांच्या वेळा तिच्यावर बसवायच्या, साठवताना तीच साठवायची, आणि दाखवताना ज्याची त्याला दाखवायची. मी म्हणालो, "म्हणजे ती कुणाचीच नाही." तो म्हणाला, "म्हणून तर सगळ्यांची, नाना." आता याला काय म्हणायचं? मी उठून आत गेलो.

बायको मात्र त्याच्या बाजूची झाली, आणि ती एका संकष्टीनं झाली. ती चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती आली की गच्चीवर जायचं, अर्घ्य द्यायचं, खाली येऊन जेवायचं. आमच्या लग्नापासूनचा रिवाज. त्या दिवशी ती दमली होती, सारखी घड्याळाकडे बघत होती. श्रीधर जिन्यावरून खाली येत होता. म्हणाला, "काकू, कशाला थांबलात? चंद्र तर आला असेल."

"अजून वेळ आहे. कॅलेंडरात बघ."

"कॅलेंडरातला चंद्र मुंबईचा आहे. आपण मुंबईच्या पूर्वेला. आपल्याकडे आधी उगवतो."

मी सांगितलं की इतकी वर्षं आमच्या घरात याच कॅलेंडरावर जेवणं होतात, ते काय चुकीचं छापतात? बायकोनं माझं ऐकून घेतलं नाही. ताम्हन घेऊन वर गेली. आणि वरून तिची हाक आली, "अहो, आलाय की हो. चांगला वर आलाय."

त्या दिवसापासून श्रीधर तिचा देवच झाला. त्याच्यासाठी मावा जिलबी यायची, ती माझ्या पुढ्यात नंतर यायची. मी अजूनही कॅलेंडर बघूनच जेवतो. चंद्र जरा आधी आला म्हणून छापील वेळ खोटी होत नाही.

आता माझ्या व्याह्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. माझा मुलगा सुरतेला असतो, सून खंडव्याची, शर्मांकडची. घर हिंदी, माणसं सोन्यासारखी. शर्माजींच्या आई गेल्या. वर्षभरानं बरसी, म्हणजे आपलं वर्षश्राद्ध. त्यांनी फोनवर सांगितलं, "समधीजी, भादों बदी छठ को आना है, ज़रूर." मी म्हटलं, न येऊन कसं चालेल? भाद्रपद वद्य षष्ठी. आम्ही दोघं धोतरजोडा, फळं, सगळं घेऊन त्या दिवशी सकाळच्या बसनं खंडव्याला गेलो.

दार शर्माजींनीच उघडलं. अंगात बनियन, हातात वर्तमानपत्र. घरात ना भटजी, ना पंगत. म्हणाले, "अरे, समधीजी. अचानक?"

बरसी होऊन महिना झाला होता.

ते बोलले काही नाहीत, चहा दिला, पोहे दिले. पण माणसाचं तोंड कळतं. महिनाभर त्यांनी मनात धरलं होतं की मराठी लोक आले नाहीत, फोनही नाही. सून सुरतेहून परस्पर आली आणि गेली, तिला वाटलं आम्हा म्हाताऱ्यांचा काही राग असेल. आणि कुणी कुणाला विचारलं नाही. परत येताना बसमध्ये बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. असीरगढचा डोंगर येऊन गेला तरी तशीच.

घरी आल्यावर श्रीधरनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तर तो गालातल्या गालात हसला. मला तो हसलेला आवडला नाही.

"नाना, तिथी बरोबर होती. महिना त्यांचा होता, तुम्ही तुमचा धरला."

"महिना काय कुणाच्या बापाचा असतो?"

"गोकुळाष्टमी कधी असते आपली?"

"श्रावणात."

"समोर तिवारींची?"

"एकाच दिवशी. त्यांचा पाळणा मी बघतो ना दरवर्षी."

"दिवस तोच. महिना कोणता, ते विचारून या."

मी हट्टाला पेटलो. रस्ता ओलांडला, तिवारीला विचारलं. तो म्हणाला, "भादों में, और कब?" मी म्हटलं, श्रावणात. तो म्हणाला, सावन तर राखीला संपला. आम्ही दोघं तिथं उभे. पंचवीस वर्षं समोरासमोर राहतो, एकाच दिवशी पाळणा हलवतो, एकमेकांचा सुंठवडा खातो, आणि तो भाद्रपदात असतो आणि मी श्रावणात. आम्हाला कधी कळलं नव्हतं.

श्रीधरनं मग सांगितलं की आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून उजेडाचा पंधरवडा दोघांचा एकाच नावाचा आणि अंधाराचा निरनिराळ्या नावाचा. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मी मान हलवली, पण खरं सांगायचं तर मला ते आजही नीट धरता येत नाही. धरलं म्हणेपर्यंत सुटतं.

"पण मी व्याह्याला कसं विचारणार होतो?" मी म्हणालो. "आपला माणूस. त्यानं तिथी सांगितली, आणि मी विचारू, कुणाची? अपमान नाही का?"

"तेच तर, नाना," तो म्हणाला. "परक्याला आपण विचारतो. आपल्या माणसाला विचारायची लाज वाटते, तिथंच महिना जातो."

मला राग आला. त्याच्याशी मी दिवाळीपर्यंत बोललो नाही. चूक माझी नव्हती. शर्माजींनी सांगायला हवं होतं की महिना आमचा. मी हे आजही म्हणतो.

त्याच दिवाळीत त्याचं इंटिग्रेशन एकदाचं पुरं झालं. दोन्ही घरांचा इतिहास एक माळ होऊन दोन्ही देशांत गेला. त्यानं पेढे आणले, माझ्या हातावर ठेवले, म्हणून मी परत बोलू लागलो. साहेब लोक खूश होते म्हणे. तो दोन दिवस नुसता झोपला.

आणि मग मेघा आली.

इच्छापूरची पोरगी, पुण्याच्या कंपनीत श्रीधरच्या हाताखाली कामाला. उन्हाळ्यात लग्न झालेलं, जळगावला सासर. आईला घेऊन सकाळच्या बसनं आली होती. हातात हिरवा चुडा, आणि डोळे रडून सुजलेले. बायकोनं दोघींना आत घेतलं, चहा टाकला. श्रीधर वरून आला आणि तिला बघून उभाच राहिला.

"सर, मला काढतायत," ती म्हणाली.

झालं होतं असं. जूनमध्ये केळ्यांची एक बोट गेली होती, आणि पलीकडे पोचेपर्यंत केळी काळी पडली. हे मात्र मला कुणी समजावायची गरज नव्हती. केळ्याला थंडी जास्त झाली की ते पिकत नाही, काळं पडतं. सफरचंदाला चालते ती थंडी केळ्याला चालत नाही. कंपनीत शोधाशोध झाली की डब्याचा आकडा खाली कुणी आणला. नवीन इतिहास उघडला, तर तिथं स्वच्छ लिहिलेलं: आकडा खाली आणला, मेघानं, आठ मे. बोट निघायच्या आधी महिनाभर. एवढा माल तिच्यापायी गेला, असं कंपनीचं म्हणणं.

"मी नाही केलं, सर. मतलब, केलं, पण तेव्हा नाही केलं. आठ मेला कसं करीन?"

"मेघा," श्रीधर हळू बोलला, "नोंद आहे. ही माळ मी स्वतः ओवली आहे. एकेक तास तपासलाय. घरून केलं असशील, विसरली असशील."

"मैं झूठ नहीं बोल रही, सर. आठ मेला माझी हळद होती."

"अगं, संध्याकाळी—"

इथं माझ्या बायकोनं चहाची किटली खाली ठेवली. "श्रीधर," ती म्हणाली, "हळद लागली की नवरीला उंबऱ्याबाहेर पाय टाकू देत नाहीत. हाताला हळद, पायाला हळद, अंगावरची साडी पिवळी ओली. सात जणी तिच्याभोवती बसलेल्या असतात. ती पोरगी मशीनवर बसेल? कोणत्या हातानं?"

मेघाची आई तेवढंच म्हणाली, "मी एक क्षण सोडलं नाही हो तिला. सासरी कसं तोंड दाखवेल? ते म्हणतील, कामावरून हाकललेली सून."

श्रीधर दाराशी खाली बसला. मग विचारलं, "आकडा खाली कशासाठी आणला होतास?"

"सफरचंदासाठी. साहेबांनीच सांगितलं होतं. हिमाचलचा माल सुरू होतो ना, तेव्हा."

"तो कधी सुरू होतो?"

"ऑगस्टला."

त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेळ बघण्यासाठी नव्हे. माणूस कुठंतरी बघतो तसं. मग दाराच्या चौकटीवर बोटानं काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. आणि तिथंच फोन लावला, आवाज मोठा ठेवून. पलीकडे पुण्याचे साहेब.

"साहेब, आपल्या पुण्याच्या नोंदीत तारीख कशी लिहितात? दिवस आधी की महिना आधी?"

"महिना. कंपनी सुरू करणारे अमेरिकेतून आले होते ना, पहिल्यापासून तसंच. का?"

"मला माहीत नव्हतं."

"दोन वर्षं ते काम केलंस आणि विचारलं नाहीस?"

"हॉलंडवाल्यांना विचारलं होतं, साहेब. दहा वेळा विचारलं. तुम्ही साताऱ्याचे. मला वाटलं, आपल्यासारखीच लिहीत असाल."

मी त्याच्याकडे बघत होतो आणि त्याला ते कळत होतं. दिवाळीच्या आधीचं त्याचं बोलणं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. बायको माझ्याकडे बघत होती, हेही खरं.

त्यानं मग बायकोला चौकटीवर दाखवलं. आधी आठ लिहिलं, मधे रेघ, मग पाच. "काकू, हे वाचा."

"आठ मे."

"अमेरिकेत याला पाच ऑगस्ट म्हणतात. तोवर बोट कधीच गेली होती." आणि म्हणाला की तेरा तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी बरोबर बसल्या होत्या, कारण तेरावा महिनाच नाही, मशीनला ते कळतं. बारापर्यंतच्या उलट्या झाल्या. म्हणून वरवर बघणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं. मी विचारलं, "म्हणजे अर्धं खरं आणि अर्धं खोटं?" तो म्हणाला, "हो. आणि कोणतं अर्धं ते कळत नव्हतं." पूर्ण सडलेला घड मी एका नजरेत बाजूला काढतो. आतून एखादी फणी गेलेला घड सगळ्यांत वाईट.

मला वाटलं, झालं, सुटलं. तारीख खोडायची, खरी लिहायची. पण तसं नव्हतं म्हणे. त्या माळेत प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीचा शिक्का अंगावर घेऊन उभी असते. मागची एक बदलली की पुढच्या सगळ्यांचे शिक्के बदलतात. दोन देशांत ज्याच्या ज्याच्याकडे ती माळ गेली त्या सगळ्यांनी आपली फेकायची आणि नवी घ्यायची, मधलं आपलं काम परत जोडायचं. दोन वर्षांचं काम उसवायचं.

साहेब दोन दिवस रोज फोन करत होते. तो आता ओट्यावर बसूनच बोलायचा, लपवायचं काही नव्हतं.

"श्रीधर, कशाला एवढं? मेघाच्या नोंदीपुढे एक टीप लावू. तारीख चुकली आहे, तिचा दोष नाही. ती राहील कामावर. विषय संपला."

"टीप कोण वाचतं, साहेब? नाव सगळे वाचतात."

"हॉलंडचे लोक काय म्हणतील? आत्ता कुठं सगळं बसलंय."

"बसलेलं नाही, साहेब. बसल्यासारखं दिसतंय. आज मेघाचं निघालं. बारा तारखेच्या आतली अशी किती माणसं असतील, मला माहीत नाही."

"तुझ्या नावावर येईल हे."

"माझ्याच नावावर आहे ते."

साहेब माणूस वाईट नव्हता. शेवटी त्यानं करू दिलं. श्रीधरनं ते दिवसरात्र बसून केलं, यावेळी प्रत्येकाला फोन करून विचारलं, पुण्याच्या शिपायालासुद्धा विचारलं असेल. बायको वर ताट नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची. काम पुरं झालं, नवी माळ गेली, मेघाची नोंद ऑगस्टात जाऊन बसली. केळी का काळी पडली तेही पुढं निघालं, बंदरावर काहीतरी झालं होतं, मला नीट कळलं नाही. मेघा कामावर राहिली. ती नवऱ्याला घेऊन आली होती पाया पडायला, चांगला पोरगा आहे.

आणि श्रीधरला कंपनीनं मोकळं केलं. एवढ्या लोकांची उलथापालथ झाल्यावर कुणाला तरी जावं लागतंच, असं त्यानंच मला सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मी म्हणालो, "टीप लावू दिली असतीस तर राहिला असतास." तो म्हणाला, "हो." बस, तेवढंच.

मला यात न्याय कुठं आहे ते सापडलेलं नाही. चूक त्याची होती, ती त्यानं दुरुस्त केली, आणि दुरुस्त केली म्हणून तो गेला. केली नसती तर राहिला असता. हे मी रात्री अंथरुणावर पडलो की उलटंसुलटं करून बघतो. दोन्हीकडून तेच येतं.

त्याच्या आईला रावेरहून त्याच्या भावाकडे नाशिकला नेलं होतं, तोही तिकडेच निघाला. सामान फार नव्हतं. मी स्टेशनवर सोडायला गेलो. मला त्याला सांगायचं होतं की त्या दिवाळीला मी शर्माजींना फोन केला होता, आणि विचारलं होतं की पुढच्या बरसीला महिना कोणाचा धरू, आणि ते एवढे हसले की खोकला लागला. पण ते मी सांगितलं नाही. कारण मी चुकलो नव्हतो, आणि त्याला वाटलं असतं की मी मान्य केलं.

गाडी आली. बॅग आत टाकून तो दारात उभा राहिला.

"काकूंना सांगा, संकष्टीला कॅलेंडर बघू नका."

"सांगायला कशाला पाहिजे? माझं ऐकते कुठं?"

"उद्या फोन करतो, नाना."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाचं उद्या?"

तो हसायला लागला, मग हसता हसता थांबला. "तुमचं," म्हणाला. "तुमचंच धरतो."

गाडी हलली. मी फलाटावर उभा होतो. तो दारातच होता, मान खाली घालून मनगटावरच्या घड्याळाची चावी ओढून काटे फिरवत होता. आमच्या वेळेवर आणत होता, की दुसऱ्या कुठल्या, ते मला तेवढ्या लांबून दिसलं नाही.